सौनातली पावत्यांची पेटी

३ जानेवारी, शनिवार. वजन १८१ पौंड.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. रोज सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, वजन करून इथे लिहायचं. दोन दिवसांत तीन पौंड वाढलं तर त्यांना फोन करायचा. बस, एवढंच. पण पान मोठं आहे आणि वजनाला तीनच आकडे लागतात. बाकीचा कागद फुकट घालवणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून लिहितो आहे.

वही हरवली तर ज्याला सापडेल त्याला कळावं: मी वेंडेल हार्यू, वय एकोणसत्तर. लाकडाच्या वखारीत एकतीस वर्षं काढली. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार्चच्या आत दुरुस्त करून घ्या."

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

मार्लिसला, म्हणजे माझ्या बायकोला, मी एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे.

कारण असं की पासष्टीनंतरचा सरकारी विमा ऑपरेशनचा बराच भार उचलतो, पण सगळा नाही. शिवाय ऑपरेशन मार्क्वेट शहरात, शंभर मैल लांब, तीन-चार आठवडे तिकडे राहायचं. ते सगळं आजारपणासाठी पैसे साठवलेल्या माझ्या खात्यातून काढावं लागेल. आणि ते खातं नावाने माझं असलं तरी माझ्या मनात ते मार्लिसचं आहे. तिची आई नऊ वर्षं वृद्धाश्रमात होती. त्यातली शेवटची सहा वर्षं तिला मार्लिसचं नाव आठवत नव्हतं. त्या नऊ वर्षांत त्यांचं चाळीस एकर जंगल विकलं गेलं. हा रोग आईकडून मुलीकडे येतो असं मी ऐकलं आहे. मार्लिसच्या वेळी विकायला आमच्याकडे जंगल नाही.

आज सौना तापवला, म्हणजे आमची वाफेच्या आंघोळीची खोली. मी खालच्या बाकावर बसलो. वरच्या, जास्त गरम बाकावर जन्म गेला, पण मार्लिसला खाली एकटं वाटू नये.

१४ जानेवारी, बुधवार. वजन १८३.

वजन वाढलं ते मार्लिसच्या वेलदोड्याच्या गोड निसू-पावाने. दुसरं काय.

खात्याबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे आमच्या मुलीला, कॅरिनला, पुढे शोधाशोध करावी लागणार नाही. वखारीचा हिशेबनीस गॉर्डी याने मला ते उघडायला लावलं. तो म्हणाला होता, "टाकताना कर नाही, वाढताना कर नाही, आणि औषधपाण्याला काढलंस तर काढतानाही नाही. सरकार इतकं प्रेमाने दुसऱ्या कशातच वागत नाही, वेंडेल." मग त्याने दुसरी युक्ती सांगितली. आज डॉक्टरचं बिल खिशातून भर आणि पावती जपून ठेव. दहा-पंधरा वर्षांनी कधीही त्या पावतीच्या जोरावर तेवढे पैसे काढता येतात. तोवर ते आत वाढत राहतात.

तेव्हापासून मी खात्याला हात लावलेला नाही. दातांची, चष्म्याची, कॅरिनच्या मोडलेल्या मनगटाची, पावती न् पावती पेटीत आहे. हरणांच्या शिकारीच्या काडतुसांची हिरवी लोखंडी पेटी. ओल लागू नये म्हणून ती सौनाच्या बाहेरच्या खोलीत ठेवली आहे. चूल तिथूनच पेटवतात, वर धुराडं, त्याला लागून फळी. आमच्या सगळ्या जागेत याहून कोरडा कोपरा नाही. पासष्टी झाली, सरकारी विमा लागला आणि खात्यात भरणं कायद्यानेच बंद झालं. आता आत काही जात नाही, फक्त बाहेर येऊ शकतं. म्हणून मी येऊ देत नाही.

मार्लिस दुपारी चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली. मी डाकेच्या निमित्ताने तिकडून गेलो. चर्चसमोर एकही गाडी नव्हती. बर्फावर चाकाची खूणसुद्धा नव्हती. घरी आल्यावर विचारलं, "किती जणी होत्या?" तर म्हणाली, "नेहमीच्याच."

१७ जानेवारी, शनिवार. वजन १८३.

पेटी फळीवर नाही.

चुलीत लाकडं घालायला वाकलो, उठताना जरा दम लागला म्हणून फळीला धरून उभा राहिलो, तर जागा रिकामी. आत येऊन विचारलं.

"मार्लिस, पेटी कुठे आहे?"

"कुठली पेटी?"

"कुठली म्हणजे? पावत्यांची! पंधरा वर्षं तिथे आहे ती!"

तिचा चेहरा लाल झाला. मग म्हणाली, "मी आवरताना उचलून ठेवली असेल कुठेतरी. नाही आठवत."

नाही आठवत. तिच्या आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. तिने आधी शिवणयंत्राचं झाकण कुठेतरी ठेवलं, मग गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात.

मी ओरडलो नाही. ओरडायचं नसतं म्हणे. रात्रभर आरामखुर्चीत बसून काढली. हल्ली झोपतो तिथेच, मार्लिस घोरते.

२२ जानेवारी, गुरुवार. वजन १८५.

आता लक्ष ठेवून आहे. तीन गोष्टी दिसल्या.

फोनवर कुजबुजते आणि मी आलो की म्हणते, "चुकीचा नंबर होता." चुकीच्या नंबरशी कोणी दहा मिनिटं बोलतं का?

काल पुन्हा गोधड्यांचं नाव करून गेली आणि परत आली ती हँकॉक गावातल्या औषधाच्या दुकानाची पिशवी घेऊन. म्हणजे रस्ता चुकली असणार. पिशवीत फक्त एक खोकल्याची बाटली. आमच्या घरात कोणाला खोकला नाही. मला रात्री येतो तो सोडून, आणि तो कोरड्या हवेचा.

आणि आज जेवताना विचारलं, "ऑक्टोबरमध्ये डॉक्टर नक्की काय म्हणाल्या होत्या रे?" हा प्रश्न तिने या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला. सांगितलेलं डोक्यात राहतच नाही तिच्या. मी शांतपणे तिसऱ्यांदा सांगितलं, "मीठ कमी." तिने उठून भांडी इतक्या जोरात घासली की एक कप फुटला.

कॅरिनला फोन करावा का? ती डुलुथला, दोन मुलं, नोकरी. नको.

३१ जानेवारी, शनिवार. वजन १८७.

गॉर्डी सौनाला आला होता. आम्ही दोघेच. त्याने दगडांवर पाणी टाकलं आणि वर चढला. मी खाली.

"काय रे, कोंबडीसारखा खाली काय बसलास?" तो म्हणाला. "वर ये."

"इथे बरं आहे."

"बरं काय! तू तर मला वरून खाली ढकलायचास. आणि पायांना काय झालं? मोज्यांची खूण बघ केवढी खोल."

"नवे मोजे आहेत. घट्ट."

"ओठ निळे पडलेत तुझे. तेही नवे आहेत का?"

त्याला पंचाहत्तरीत चष्म्याविना काही दिसत नाही आणि सौनात चष्मा घालता येत नाही, हे मी त्याला ऐकवलं. मग बाहेर थंडीत बाकावर टेकल्यावर मी त्याला मार्लिसचं सांगितलं. पेटीचं, फोनचं, रस्ता चुकल्याचं. गॉर्डी टॉवेलने पुन्हा पुन्हा तोंड पुसू लागला. मग म्हणाला, "वेंडेल, तू तिच्याशी सरळ बोल ना. दोघं सरळ बोला एकमेकांशी." आणि टॉवेल डोक्यावर घेऊन निघूनच गेला, कॉफीलाही थांबला नाही. म्हणजे त्यालाही तिच्यात फरक दिसला असणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. वजन १८८.

ठरवलं. मार्क्वेटला मोठ्या दवाखान्यात स्मरणशक्तीची तपासणी करतात. फोन करून विचारलं, एकोणीस तारखेची वेळ मिळाली. विम्याखेरीजचे पैसे मी खात्यातून देणार. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. फोन ठेवल्यावर, लाज वाटते लिहायला, पण आधी खात्यातून किती जाईल त्याचा हिशेब दोनदा मांडला.

मार्लिसला खरं सांगितलं तर येणार नाही. तिची आईही आली नव्हती. म्हणून म्हणालो, "एकोणीसला मार्क्वेटला जाऊ. बर्फ उडवायचं नवं मशीन बघायचंय."

मला वाटलं, चार सबबी सांगेल. हिवाळ्यात तिला तो रस्ता आवडत नाही. पण ती म्हणाली, "जरा वेळाने सांगते." मग कुजबुजत एक फोन झाला आणि म्हणाली, "चालेल. एकोणीसच चांगला. लवकर निघू." आणि हसली. अगदी सुटल्यासारखी हसली.

माणसाचा स्वभाव अचानक बदलणं हेही एक लक्षण असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. वजन १८९.

गोठ्यामागची लाकडं आणायला चार वेळा थांबावं लागलं. ढकलगाडीचं चाक जाम झालं आहे. तेल घालायला हवं. नर्सबाईंना फोन करायचा का, असा विचार आला होता. पण वाढलं ते दोन दिवसांत तीन पौंड नाही, हळूहळू वाढलं आहे. नियमात बसत नाही. एकोणीसपर्यंत मार्लिसचं होऊ दे, मग माझं बघू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. वजन १९१, त्यांच्या काट्यावर.

दवाखान्याच्या पलंगावरून लिहितो आहे. काल काय झालं ते सगळं लिहिलंच पाहिजे, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

गाडी लावल्यापासून दारापर्यंत मी दोनदा थांबलो. मार्लिसने काही विचारलं नाही, नुसता दंड धरला. दारात मी तिला म्हणालो, "मशीनच्या दुकानाआधी इथे एक लहानसं काम आहे." तीही त्याच वेळी म्हणाली, "दुकानात जायच्या आधी इथे जरा डोकावू." आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही आत गेलो.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "नाव? पेशंट कोण?"

मी मार्लिसकडे बोट दाखवलं. मार्लिसने माझ्याकडे.

"हिची वेळ आहे, साडेदहाची," मी म्हणालो.

"याची आहे. साडेअकराची. हृदयाच्या डॉक्टरांकडे," मार्लिस म्हणाली.

मुलीने यंत्रात पाहिलं. "दोघांचीही आहे," ती म्हणाली. "तुम्ही दुसरा मजला, ते चौथा."

"माझी? माझी कसली वेळ?" मार्लिसचा आवाज चढला. मुलीने कागद पुढे केला. मार्लिसने वाचला. स्मरणशक्ती. मी आयुष्यात तिला इतकं पांढरं पडलेलं पाहिलं नव्हतं.

"वेंडेल हार्यू, तुला वाटतं मला वेड लागलंय?"

"वेड नाही... विसर..."

"विसर!"

मागे रांगेत सहा माणसं होती. सहाही बुटांकडे बघत होती.

"तू आलास ते माझी परीक्षा घ्यायला?" ती म्हणाली. "बरं. देते. पण मी पास झाले, तर तू चौथ्या मजल्यावर मुकाट यायचंस. एक शब्द बोलायचा नाही."

चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली. पैकीच्या पैकी. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांनी सांगितलेली पाच नावं हिने उलट्या क्रमानेही म्हणून दाखवली, कोणी सांगितलेलं नसताना. "रागात माणसाचं डोकं चांगलं चालतं," मार्लिस म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

वर हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याजवळची ही वही मागितली. आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या. १८१, १८३, १८५, १८७. "हा पाव नाही, मि. हार्यू," त्या म्हणाल्या. म्हणजे मधलंही वाचलं. "हे पाणी आहे. फुप्फुसांत, पायांत. तुम्ही आज घरी जाणार नाही." मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. ऑक्टोबरमध्ये आलो असतो तर बरगड्यांमधल्या एका लहान छेदातून भागलं असतं. आता छाती उघडावी लागेल. धोका तेव्हा होता त्याच्यापेक्षा मोठा आहे. किती मोठा, तेही सांगितलं. तो आकडा मी लिहीत नाही.

संध्याकाळी मार्लिसने पेटीचं सांगितलं. नाताळात तिला दातांच्या एका जुन्या बिलाची तारीख हवी होती म्हणून तिने पेटी उघडली. आतल्या पावत्या काळ्या. दुकानांतल्या त्या गुळगुळीत कागदाला ऊब लागली की तो काळा पडतो, म्हणे. आणि मी तो पंधरा वर्षं दर शनिवारी धुराड्याशेजारी भाजला होता. लोखंडात घालून.

"सगळ्या?"

"दोन-तीन हाताने लिहिलेल्या होत्या, त्या राहिल्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याच पेटीत तळाशी तू डॉक्टरांचं ऑक्टोबरचं पत्र लपवलं होतंस, म्हाताऱ्या. मोठ्या साध्या कागदावरचं. ते काळं झालं नव्हतं." ती थांबली. "ते वाचल्यावर पावत्यांचं तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. सौनातच कोसळला असतास."

दर बुधवारी ती त्या पावत्यांमागे फिरत होती. औषधाचं दुकान, दातांचे डॉक्टर, चष्म्याचं दुकान. प्रत्येकाकडून जुनी नोंद छापून घेत होती, रिकाम्या हाताने बाहेर पडायला लाज वाटते म्हणून खोकल्याची बाटली घेत होती. आणि मला पुन्हा पुन्हा विचारत होती डॉक्टर काय म्हणाल्या, मी एकदा तरी खरं सांगेन म्हणून. मी तिला तीनदा मीठ सांगितलं.

गॉर्डीला सगळं ठाऊक होतं, फोनवरची कुजबुज त्याच्याशी आणि दवाखान्याशीच चालली होती. तो आता माझ्यासमोर येऊ दे.

२२ फेब्रुवारी, रविवार. वजन १८३.

औषधाने पाणी उतरतं आहे. आठ पौंड गेले. मार्लिसला म्हणालो, मी उगाच तुझ्या पावाला दोष दिला. ती म्हणाली, "आधी पावाची माफी माग, मग माझी."

कॅरिन फोनवर रडली आणि ओरडली, दोन्ही एकदम. "बाबा, ते पैसे कशासाठी होते?"

"आईसाठी."

"आईला तुम्ही नको आहात का?"

मी फोन मार्लिसकडे दिला.

मार्लिसने पेशंटांच्या नातेवाइकांसाठी असते त्या वसतिगृहात खोली घेतली. पैसे खात्याच्या कार्डाने दिले आणि पावती मला आणून दाखवली. "ही मी माझ्या पर्समध्ये ठेवणार. तुला पुन्हा कागद सांभाळायला देणार नाही." वाटलं होतं, त्या खात्यातून पहिला पैसा गेला की रात्रभर बेरजा करत बसेन. आज डोक्यात आकडा आहे, पण तो पैशांचा नाही.

मी तिला सांगायला लागलो की मला काही झालं तर खातं कर न लागता तिच्या नावावर होतं, अर्ज कुठला, सही कुठे... ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. मी सगळे कागद वाचलेत. तू गप्प पड."

२४ फेब्रुवारी, मंगळवार. वजन १७९.

ऑपरेशनची सकाळ आहे. खिडकीबाहेर बर्फ लखलखतो आहे. नर्स म्हणाली, अंगठी काढा. दोन महिने ती बोटातून निघत नव्हती, साबण लावून पाहिला होता. आज आपोआप घसरून आली. मार्लिसने ती स्वतःच्या अंगठ्यात घातली.

ते मला न्यायला येईपर्यंत एक गोष्ट लिहून टाकतो, कारण खोटं बरंच लिहून झालं आहे. मार्लिसला विसर पडतो आहे असं मला वाटलं तेव्हा मी घाबरलो, हे खरं. पण त्या भीतीच्या खाली मला बरंही वाटलं होतं. तिला काही झालं असेल तर माझं ऑपरेशन पुढे ढकलायला चांगलं कारण मिळत होतं. खातं तिच्यासाठी राखतो आहे, असं म्हणून ताठ मानेने फिरता येत होतं. पंधरा वर्षं मी पैसे तिच्यासाठी साठवले. पण या हिवाळ्यात मी त्यांच्या मागे लपून बसलो होतो.

"एवढं काय लिहितोयस?" मार्लिस आत्ता म्हणाली. "वजन तीन आकडी असतं."

मी वही मिटली आणि तिला म्हणालो, "मार्लिस, मला भीती वाटतेय."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. मला वाटलं, ती थट्टा करेल, धीर देईल, काहीतरी ऐकवेल. ती पलंगाच्या काठावर बसली. माझा हात धरला.

"हे तू ऑक्टोबरमध्ये म्हणाला असतास तर..." ती म्हणाली आणि पकड आणखी घट्ट केली.

मी वही पुन्हा उघडून हे लिहितो आहे. तिने हात सोडलेला नाही, म्हणून अक्षर वाकडं येतं आहे. ते आले.